पूर्ण नाव घेणारा माणूस

मागच्या महिन्यात लातूरच्या एका दवाखान्यात गुडघे दाखवायला गेले होते. काउंटरवरची मुलगी हातातल्या कागदाकडे बघत ओरडली, "सत्तावीस नंबर!" मी उठले नाही. ती पुन्हा ओरडली. मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आजी, सत्तावीस नंबर तुमचाच ना?" मी म्हटलं, "माझं नाव सुमन ज्ञानोबा जाधव. ते घे, मग उठते." पोरगी हसली, बाकावरचे लोक हसले आणि माझ्या सुनेनं कपाळाला हात लावला. ही खोड मला कुणी लावली ते त्या बिचारीला कुठून ठाऊक असणार! लावणारा माणूस जाऊन बरीच वर्षं झाली. मारोती सटवाजी सोनकांबळे. मुद्दाम पूर्ण नाव लिहिते आहे, कारण अर्धं लिहिलेलं त्यांनी खपवून घेतलं नसतं.

बहात्तरच्या दुष्काळात मी बोरसरीला नवी नवी नांदायला आले होते. बोरसरी म्हणजे औसा तालुका. तेव्हा जिल्हा उस्मानाबाद. लातूर हे नुसतं बाजाराचं गाव होतं. विहिरींचे तळ दिसू लागले, जनावरं मिळेल त्याला देऊन टाकली आणि गावाबाहेरच्या माळावर सरकारनं खडी फोडायचं काम काढलं. आधी बौद्धवाड्यातली माणसं गेली, मग आमच्यासारखे कोरडवाहूवाले गेले. शेवटी ज्यांच्या घरी दोन-दोन गडी असायचे, त्या घरच्या बायासुद्धा तोंडावर पदर ओढून माळावर येऊन बसल्या. पोट कुणाचं ऐकतं?

कामावर हजेरी घ्यायला मुकादम म्हणून सोनकांबळे होते. पंचविशीचा, उंच, काटकुळा माणूस. बौद्धवाड्यातला पहिला मॅट्रिक पास. सदऱ्याला नीळ इतकी घालायचे, की तो पांढरा म्हणावा की निळा, असा प्रश्न पडावा. कानावर पेन्सिल. आवाज मात्र खणखणीत. माळाच्या या टोकाला बोलले, की त्या टोकाला ऐकू यायचं.

पहिल्या दिवशी नावं लिहून घेताना जी गंमत झाली, ती आठवली की अजून हसू येतं. बाया रांगेत. मुकादम विचारणार, "नाव?" बाई म्हणणार, "लिवा की, गंगूची माय." मुकादम म्हणणार, "गंगूची माय हे नाव न्हाई, नातं हाय. तुमचं नाव सांगा. मालकाचं सांगा. आडनाव सांगा." आता मालकाचं नाव बाईनं घ्यायचं कसं? माझी पाळी आली तेव्हा मी मान खाली घालून म्हटलं, "आळंदीला समाधी हाय त्यांची." मुकादमांनी क्षणभर विचार केला आणि लिहिलं, 'सुमन ज्ञानोबा जाधव'. माझ्यामागची म्हणाली, "शेंदूर लावत्यात आमच्या मालकाला." "मारोती?" "हाव. तुमचंच की." सगळा माळ हसला. मुकादमही हसले, पण लिहिलं पूर्णच.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी ते एका उंचवट्यावर उभे राहून एकेक नाव मोठ्यानं घ्यायचे. घेतलं की थांबायचे. त्या बाईनं मान वर करून 'हाय' म्हटल्याशिवाय मस्टरवर खूण करायचे नाहीत. आमच्यात केवळाबाई नावाची एक म्हातारी होती. पहिल्या दिवशी 'केवळाबाई संभाजी माने' अशी हाक आली, तर ती इकडंतिकडं बघत बसली. कुणीतरी कोपर मारलं तेव्हा म्हणाली, "मी व्हय? मला वाटलं कुणी पावनी आलीया." सासरी आल्यापासून तिचं नाव कुणी घेतलंच नव्हतं. पुढं ती सगळ्यांच्या आधी येऊन बसायची. नाव ऐकायला येते, असं सरळ सांगायची.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "नाव अर्धं, माणूस अर्धा. अर्ध्या माणसाला भाकर बी अर्धीच मिळती." घरीही हाच कारभार. बायकोला म्हणायचे, "पंचफुला मारोती सोनकांबळे, चहा ठिवता का?" आतून उत्तर यायचं, "मारोती सटवाजी सोनकांबळे, दूध न्हाई!"

ही खोड त्यांना कशी लागली, ते पंचफुलाबाईंनी मला सांगितलं. मॅट्रिकचा निकाल लागला, तेव्हा रहिवासी दाखल्यावर सही घ्यायला ते विश्वंभर पाटलांकडे गेले होते. विश्वंभर पाटील म्हणजे गावचा शब्द. चावडीत पंधरा-वीस माणसं बसलेली. पाटलांनी कागद बघितला आणि मोठ्यानं वाचला, "मारोती सटवाजी सोनकांबळे! अरं, हे कोन? आपल्या गावात ह्या नावाचा कुनी हाय का रं?" चावडी हसली. "सटव्याचा मारत्या म्हन की. मग सही करतो. म्हन." पोराला दाखला हवा होता. पोरगा म्हणाला. सही मिळाली. त्या दिवशी घरी येऊन तो जेवला नाही, एवढंच त्याच्या आईला आठवत होतं.

तर माळावर तोंड झाकून येणाऱ्यांत एक बाई अशी होती, की तिचे हात बघूनच कळावं, हिनं कधी दगड उचललेला नाही. ती सगळ्यांपासून लांब बसायची. कुणाशी बोलायची नाही. दोन दिवसांनी बायांत कुजबुज सुरू झाली. या पाटलांच्या थोरल्या वहिनी. थोरले पाटील वारले, मूलबाळ नव्हतं. धाकट्यानं जमीन आपल्याकडे ओढली आणि वहिनीला मागची एक खोली दिली. दुष्काळ आल्यावर त्या खोलीत ज्वारी येणं बंद झालं. मागावं तर पाटील म्हणायचे, सगळ्या गावालाच नाही. शेवटी बाई उठली आणि माळावर आली. नोंद करताना तिनं मुकादमांना खरं नाव हळूच सांगितलं, 'अनुसया गणपतराव पाटील', आणि म्हणाली, "लिवा. पर वरडू नका." मुकादमांनी मान डोलावली. हजेरीत तिच्या नावापाशी आले, की ते नुसतं तिच्याकडे बघायचे आणि खूण करायचे. आम्हा सगळ्यांत तेवढं एकच नाव माळावर ऐकू यायचं नाही.

आणि मग तो दिवस आला. उस्मानाबादचे साहेब काम तपासायला आले. जीप माळावर थांबली. साहेबांबरोबर विश्वंभर पाटील उतरले. डोक्याला पिवळाधमक पटका, मागं आसपासच्या गावांची पुढारी मंडळी. तेव्हा पाटलांना पंचायत समितीत जायचं होतं, म्हणून ते साहेबांना सगळं दाखवत फिरत होते. साहेब म्हणाले, "खोटी नावं असतात म्हणे मस्टरवर. घ्या हजेरी, मोठ्यानं."

मुकादमांनी सुरुवात केली. नाव, हाय. नाव, हाय. मी खालून बघत होते. अनुसयाबाईंच्या नावापाशी आल्यावर ते थांबले. एकदा पाटलांकडे बघितलं. मग कधी नव्हे एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "अनुसया गणपतराव पाटील!"

माळावर हातोड्याचा एक आवाज नव्हता. ती बाई उठून उभी राहिली. पदर डोळ्यांपर्यंत होता. "हाय," म्हणाली. साहेबांनी सहज विचारलं, "पाटील? तुमच्या नात्यातल्या का हो?" पाटलांची मान जी खाली गेली, ती जीप निघेपर्यंत वर आली नाही. मागच्या पुढाऱ्यांतला एकजण रुमालात हसला.

आठ दिवसांत तालुकाभर नाव झालं, 'खडी पाटील'. औशाच्या बाजारात पोरं मागून ओरडायची. पाटलांच्या मुलीचं जवळजवळ जमलेलं लग्न फिसकटलं. पाहुण्यांनी निरोप धाडला, की घरच्या विधवेला जिथं खडीवर पाठवतात, तिथं आमची सोयरीक नको. आपण केलं त्याचं पाटलांना काही वाटलं की नाही, देव जाणे. पण ते चारचौघांत उघडं पडलं, हे त्यांनी मरेपर्यंत विसरायचं नाही असं ठरवलं. हजेरी झाली त्याच संध्याकाळी त्यांनी वहिनीला बैलगाडीत घालून तिच्या भावाकडे, नांदेडकडं मुखेडजवळच्या एका खेड्यात पोचतं केलं होतं. तिच्या खोलीला कुलूप लागलं.

मुकादमांचं काम गेलं. त्यांच्या जागी पाटलांचा भाचा दत्तू आला. सोनकांबळ्यांच्या घरी खाणारी पाच तोंडं. दुसरं काम नव्हतं. तिसऱ्या दिवशी ते हातोडा घेऊन माळावर आले आणि आमच्या रांगेत खडी फोडायला बसले. दत्तूला मामानं पढवलेलं असणार. हजेरी घेताना त्यानं मिशीला पीळ देऊन हाक मारली, "सटव्याचा मारत्या!"

सोनकांबळे काम करत राहिले. दत्तू पुन्हा ओरडला. ते शांतपणे म्हणाले, "पूर्ण नाव घ्या, मंग हाय म्हनतो."

"मंग गैरहजर मांडतो."

"मांडा."

दिवसभर उन्हात दगड फोडले आणि कागदावर गैरहजर. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. पंचफुलाबाई रडल्या, म्हणाल्या, एकदा म्हणा 'हाय' आणि सोडा, पोरांच्या पोटाला काय घालू? सरकारकडून मुलांना खायला सुकडी वाटली जायची, ती आणून कशीबशी चूल चालली होती. सोनकांबळे म्हणाले, "दाखल्यासाठी एकदा म्हन्लो. ते अजून घशातून खाली उतरलं न्हाई." असे अकरा दिवस गेले. अकरा दिवस तो माणूस हजर असून गैरहजर होता. दत्तूला मजा वाटायची. आम्हाला वाटायची ती लाज, पण तोंड उघडायची हिंमत कुणाला होती?

बाराव्या दिवशी दत्तूनं हाक मारली, "संभाजीची म्हातारी!" केवळाबाईनं हातोडा खाली ठेवला. म्हणाली, "कोन म्हातारी? माजं नाव हाय त्या कागदावर. पन्नास वर्सांनी गावलंय ते. ते घे." दत्तू म्हणाला, "नाटकं करू नको." केवळाबाई मांडी ठोकून बसली, "मंग मांड गैरहजर." पुढची बाई बोलली नाही. तिच्या पुढची बोलली नाही. 'ज्ञानूची बायको' म्हणून माझा पुकारा झाला. मीही बोलले नाही.  सगळा माळ कागदावर गैरहजर झाला. अशा मस्टरचं करायचं काय? दुपारपर्यंत दत्तूचा घसा बसला. मग त्यानं पहिल्या नावापासून पुन्हा सुरुवात केली, आणि 'मारोती सटवाजी सोनकांबळे' असं दात-ओठ खात म्हटलं.

"हाय," सोनकांबळे म्हणाले. आणि पुढचा दगड घेतला.

त्या एका 'हाय'वर ते पुढारी झाले. इथून पुढं दहा वर्षं आमच्या गावाचं राजकारण म्हणजे पाटील आणि सोनकांबळे या दोघांची उट्टी. पाटील पंचायत समितीत निवडून आले. बौद्धवाड्याकडे जाणारा रस्ता मंजूर होता. तो सोनकांबळ्यांनी मागितला होता, एवढ्यासाठी पाटलांनी अडवला. पाटलांनी शाळेसाठी जागा दाखवली. ती चांगली होती, पण पाटलांनी दाखवली म्हणून सोनकांबळ्यांनी अर्जावर अर्ज करून रोखली. मी तेव्हा बालवाडीवर लागले होते. तीन वर्षं शाळा मारुतीच्या देवळात आणि माझी बालवाडी पिंपळाखाली. पाऊस आला, की पोरं देवाच्या मागं. एकदा वैतागून मी सोनकांबळ्यांना म्हटलं, "भाऊ, तुमच्या दोघांच्या भांडणात आमचं मडकं का फोडताव?" तर म्हणाले, "सुमन ज्ञानोबा जाधव, हे भांडन न्हाई. तत्त्व हाय." मी म्हटलं, "तत्त्वाला वर पत्रे तरी घाला." त्यांना हसू आलं, पण अर्ज काही मागं घेतला नाही.

त्या हजेरीबद्दल कुणी विचारलं, की त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "सरकारी काम होतं. साहेबानं घ्या म्हन्लं, मी घेतलं. माझं कुनाशी वैर न्हाई." लोकांना ते पटायचं. मलाही पटायचं. मान खाली घातलेला पाटील आणि ताठ उभा मुकादम, एवढंच चित्र सगळ्यांच्या डोळ्यांपुढं होतं. पदराआडून 'हाय' म्हणालेल्या बाईचं काय झालं, हे कुणी विचारत नव्हतं.

मग लातूर जिल्हा झाला. गुलाल उधळला, पेढे वाटले. त्यानंतर काही महिन्यांनी, एका सकाळी माझ्या बालवाडीपुढं पिशवी घेतलेली एक पांढऱ्या केसांची बाई उभी राहिली. तोंडावर पदर नव्हता, त्यामुळे मी ओळखलं नाही. तिनंच सांगितलं, "मी अनुसया. मुकादमाला बोलवा."

सोनकांबळे आले. मी पोरांना पाटीवर रेघोट्या मारायला बसवलं. अनुसयाबाई लहान मुलांच्या चटईवर बसल्या होत्या. त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

"मुकादम, येक इचारते. त्या दिशी जीप दिसली हुती का तुमाला?"

"बाई, सरकारी काम होतं, साहेब म्हन्ले..."

"मी ते न्हाई इचारलं. पाटील दिसले हुते का?"

 सोनकांबळ्यांनी कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली. ज्या माणसाचा आवाज माळाच्या टोकाला जायचा, तो मला समोर बसून नीट ऐकू येईना. "दिसले होते. तुमचं नाव नुसतं बघून खूण करता आली असती. साहेबाला कळलं बी नसतं."

"मंग?"

"मला त्याची मान खाली घालायची होती."

"आन् माजी?" अनुसयाबाई म्हणाल्या. "त्यानं मला भाकर दिली न्हाई, त्यो त्याचा गुना. पर माळावर माजी माजी कमाई करत हुते मी. ती तुमी बंद केली. धा वर्सं भावजयीच्या हाताखाली काडली. वरडू नका म्हन्ले हुते तुमाला. तुमी मान डोलावली हुती."

सोनकांबळे खाली बघत राहिले. चावडीत आपल्याला जे केलं गेलं, तेच आपण एका बाईला केलं. पाटलाला मारायला तिच्या नावाचा दगड केला. हे त्यांना दहा वर्षं ठाऊक असणार. पण ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायची वेळ आली नव्हती.

"काय करू सांगा," ते म्हणाले.

"उस्मानाबाद लांब हुतं. आता लातूर काय, सकाळी जाऊन सांजच्याला भाकरी टाकाया घरी. मी जमिनीचा दावा लावनार हाय. तुमी साक्षीला या. आन् आता जे बोल्लाव, ते तितं बोला. चार लोकांत. आनिक येक. तोवर कुटल्याच सभेत माजं नाव घेयाचं न्हाई."

अवघड अट ही दुसरी होती. पंचायत समितीची निवडणूक तोंडावर होती आणि पाटलांसमोर या वेळी सोनकांबळे स्वतः उभे होते. पोरांनी 'खडी पाटील' पुन्हा बाजारात काढलं होतं. सगळे म्हणत होते, शेवटच्या सभेत अनुसयाबाईंना स्टेजवर बसवा, मग पाटलाची अनामत जप्त. बाई गावात आल्याचं सगळ्यांना कळलं होतं. पाटलांनाही, त्यांचा चेहरा उतरला होता. बाई पाटलांच्या घरी गेल्या नव्हत्या, केवळाबाईच्या घरात राहत होत्या.

सभा आठवडी बाजाराच्या दिवशी, बाजारातच झाली. मी बायांत बसले होते. सोनकांबळे बोलायला उभे राहिले. समोरच्या माणसांची नावं घ्यायला लागले. एकेक, पूर्ण, कागदाशिवाय. माळावरच्या मस्टरची निम्मी माणसं त्यांना पाठ होती. म्हातारे-कोतारे हात वर करून 'हाय' म्हणत होते. काहींच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्यात मागून पोरं ओरडली, "अनुसयाबाईंचं नाव घ्या! खडी पाटील, खडी पाटील!" बाजार तापला. सोनकांबळे थांबले. मला वाटलं, आता घेतात. सगळ्यांनाच वाटलं.

"ते नाव हितं घेयाचं न्हाई," ते म्हणाले. "ज्याला ते ऐकून मत द्यायचं असंल, त्यानं मला देऊ नये."

आणि खाली बसले. थोडक्या मतांनी पडले. पोरं चिडली, पैसे खाल्ले असतील, इथपर्यंत बोलली. खरं सांगायचं तर मलाही राग आला होता. रस्ता झाला असता, शाळेचं काहीतरी ठरलं असतं. पाटलांनी गुलाल मुद्दाम बौद्धवाड्यावरून नेला. मिरवणूक दारापुढं आली तेव्हा पंचफुलाबाई दार लावायला निघाल्या. सोनकांबळे म्हणाले, "लावू नका," आणि मिरवणूक पुढं जाईपर्यंत उंबऱ्यात उभे राहिले.

दावा चालू झाला. तारखेला सोनकांबळे अनुसयाबाईंबरोबर जायचे. सोबत बाईमाणूस हवं, म्हणून कधीकधी मीही. गाडीत ते दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलायचे नाहीत. त्या पुढच्या बाकावर, हे मागच्या. कोर्टात पहिल्यांदा शिपाई बाहेर येऊन ओरडला, "अनुसया पाटील!" तर सोनकांबळे ताडकन उठले, पण काही बोलणार तेवढ्यात गप्प झाले. अनुसयाबाईंनीच शिपायाला सांगितलं, "अनुसया गणपतराव पाटील म्हन बाबा." शिपायानं कुरकुरत पुन्हा पुकारा केला. त्या आत गेल्या.

साक्षीच्या दिवशी कोर्ट भरलं होतं. आमच्या गावची दोन्ही बाजूंची माणसं आली होती. विश्वंभर पाटील पहिल्या बाकावर, नव्या पटक्यात. सोनकांबळ्यांनी सांगितलं, की बाई कामावर होत्या आणि त्याच संध्याकाळी पाटलांनी त्यांना घालवून दिलं. मग पाटलांचे वकील उठले. लातूरचे, नाणावलेले. त्यांना एवढंच दाखवायचं होतं, की हा साक्षीदार वैरी आहे, याचं काही खरं धरू नये.

"तुमचं आणि पाटलांचं वैर आहे?"

"हाय."

 एवढं सरळ उत्तर वकिलांना नको होतं. "हजेरीत तुम्ही बाईंचं नाव मुद्दाम घेतलं, पाटलांची बेइज्जती करायला. खरं की खोटं?"

आमची माणसं पुढं सरकली. दहा वर्षं ऐकलेलं उत्तर आता ऐकायला मिळणार होतं. सरकारी काम होतं, साहेबानं घ्या म्हटलं.

"खरं," सोनकांबळे म्हणाले. आवाज पूर्वीसारखा, मागच्या भिंतीपर्यंत. "मुद्दाम घेतलं. बाईनं नका म्हन्लं होतं. मी कबूल केलं होतं. पाटलाची मान खाली घालायची म्हनून मी बाईच्या इज्जतीचा इचार केला न्हाई. ती माझी चूक हाय. पर बाई खडी फोडत होत्या, हे बी खरं हाय, आन् त्यांना घरात ज्वारी मिळत नव्हती, हे बी खरं हाय."

वकील कागद चाळत राहिले. एवढी स्वतःची लाज सांगणारा माणूस बाकीचं खोटं कशाला सांगेल, हे त्यांच्याही लक्षात आलं असावं. न्यायाधीशांनी वाक्यन् वाक्य लिहून घेतलं. मी पाटलांकडे बघितलं. दहा वर्षं त्यांना जे ऐकायचं होतं, ते ऐकायला मिळालं होतं. पण ते हसले नाहीत. पटका काढून मांडीवर ठेवला आणि त्याचा काठ चाचपत बसले.

आमच्या माणसांनी बाहेर आल्यावर सोनकांबळ्यांकडे पाठ केली. जाताना एकजण त्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आपन ह्यालाच देव मानलं व्हतं!" त्यांचं पुढारीपण त्या व्हरांड्यात संपलं. पुढं अनुसयाबाईंना जमीन मिळाली आणि सातबारावर त्यांचं नाव पूर्ण लागलं. पण ते सगळं नंतरचं. मला त्या दिवशीचे सोनकांबळे आठवतात. व्हरांड्याच्या टोकाला, खांबाशी ते एकटेच उभे होते. निळसर सदरा घामानं पाठीला चिकटलेला. कानावरची पेन्सिल कुठंतरी पडली होती आणि हात सारखा तिथं जात होता. त्यांच्याकडे जावं की नाही, मला समजेना.

अनुसयाबाई माझ्या हातातली पिशवी घेऊन पुढं झाल्या. सोनकांबळ्यांपासून चार पावलांवर थांबल्या. आजवर बाईंनी त्यांना 'मुकादम' यापलीकडे काही म्हटलं नव्हतं.

"मारोती सटवाजी सोनकांबळे," त्या म्हणाल्या. व्हरांड्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल, एवढ्या मोठ्यानं. "चला. औशाची गाडी निघंल."

त्यांनी मान वर केली.

"हाय," म्हणाले.